नाकाला चिमटा लावून काढलेलं सुरंगीचं तेल

चौसष्टाव्या वर्षी मी फार लहान होते. आता सत्तरी जवळ आल्यावर तेव्हाची मी आठवली की वाटतं, त्या पोरीला कोणी घरात कोंडून कसं ठेवलं नाही! अंगात उत्साह, हातात वही, आणि डोक्यात एक ठाम समज, की आपण शास्त्रज्ञ आहोत. समजाला कारण असं, की घाटकोपरच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं नोकरी केली होती. काम काय? परीक्षानळ्या धुवायच्या. वापरायच्या शिक्षकांनी, फोडायच्या मुलांनी, धुवायच्या मी. पण तीस वर्षं भांडी धुतली म्हणजे स्वयंपाक येतो, असं मला त्या कोवळ्या वयात वाटत असे.

कोरोना येऊन गेला होता. जाताना आमच्या ह्यांचा वास घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर होतं, चांगलं लांबलचक, पण त्यात काही शिरत नव्हतं. दूध करपलं तरी हे शेजारी बसून पेपर वाचत. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्ष झालं, आला नव्हता. सासूबाई आमच्याकडे कांदिवलीला राहत होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, दात तीन, आणि जीभ मात्र अखंड मालवणी.

आमच्या घराण्याची गौर मोठ्या जाऊबाईंकडे, भांडुपला. पितळी मुखवटा, गावाहून पत्र्याच्या डब्यातून आलेला. सदतीस वर्षं मी दर भाद्रपदात पिशव्या भरून भांडुपला गेले आणि स्वयंपाकघरात खवणीवर बसले. सदतीस वर्षांत मी किती नारळ खवले असतील ते गौरीलाच माहीत, पण तिच्यापुढे दिवा लावायला मला एकदाही कोणी सांगितलं नाही. जाऊबाई वाईट नव्हत्या. मोठ्या होत्या, एवढंच. मला ती गौर माझ्या घरी हवी होती. चांगली समजूतदार बाई होते मी, पण ह्या एका बाबतीत चार वर्षांच्या पोरीसारखी हट्टी.

आणि संधी आली. जाऊबाईंची बिल्डिंग पुनर्विकासाला निघाली. दिवाळीनंतर घर रिकामं करून तीन-चार वर्षं भाड्याच्या खोलीत राहायचं. मग गौर कुठे बसणार? जाऊबाई म्हणाल्या, "भाड्याच्या घरात गौर काय येत नाही होय? ती काय भाडेकरार मागते?" मी म्हणाले, "तसं नाही ताई, पण तुमची धावपळ..." हे मी इतक्या गोड आवाजात म्हणाले की माझं मलाच ओशाळं वाटलं.

शेवटी गोष्ट सासूबाईंपुढे गेली. त्या पलंगावर बसून सुपारी कातरत होत्या. कातरता कातरता निकाल दिला.

"माझे डोळे मिटूच्या आधी एकदा गौरीक सुरंगीचो वास मिळाक होयो. जी सून देतली, तिच्या घराक गौर."

ज्यांनी सुरंगी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तळकोकणात एक झाड असतं. फाल्गुनाच्या सुमाराला त्याच्या फांद्यांना चिकटून पिवळसर पांढरी, बारकी फुलं येतात. त्यांचे वळेसर करून बायका केसात माळतात, आणि एक बाई वळेसर माळून गेली की मागून येणाऱ्या तीन बायका तिचा पत्ता न विचारता तिच्या घरी पोचतात, असा तो वास. पण हा बहर शिमग्याच्या आसपास. गौर येते भाद्रपदात. त्यामुळे सासूबाईंच्या माहेरी नि सासरी, कुठेच, कधीच गौरीला सुरंगी मिळालेली नव्हती. म्हणजे फुलं मार्चात, आणि वास सप्टेंबरात पोचवायचा. तेल काढायला हवं!

माझ्यातली परीक्षानळी धुणारी उठून उभी राहिली.

"काळजी करू नका आई," मी म्हणाले. "मी चार पद्धतींनी काढून बघते. तुलना करते. सगळ्यात उत्तम वास येईल ते गौरीला."

सासूबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "आणि आयक. हुंगूचा नाय हां."

"म्हणजे?"

"हुंगलेला फूल देवाक चलत नाय. मगे हुंगलेला तेल कसा चलात?"

आता हे खरंच आहे. आमच्यात देवाचं फूल तोडताना नाकापाशी नेलं की हातावर चापटी बसते. पण तेलाचं काय? मी म्हणाले, "आई, थोडंसं वेगळं काढून हुंगलं तर?"

"नैवेद्याच्या टोपातला थोडा वेगळा काढून चाखतंस?"

नाही चाखत. इतकी वर्षं मी नैवेद्याचा स्वयंपाक मीठ न चाखता, डोळ्यांच्या अंदाजाने करत आले होते. शहाण्या बाईने तिथेच वही मिटली असती. चार अत्तरांची तुलना करायची, पण एकाचाही वास घ्यायचा नाही! पण मी चौसष्टची, रक्त गरम. मी म्हणाले, ठरलं.

गावाहून नणंदेने फुलं पाठवायची, बसने. सकाळी हायवेवर बस थांबे, हे जाऊन केळीच्या पानात बांधलेला पुडा घेऊन येत. दर दोन-तीन दिवसांनी एक, असे तीन आठवडे. पहिला पुडा घरात आला तेव्हा मी दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून नाकाला लावला. निळा, प्लास्टिकचा. सासूबाईंनी पदर नाकावर धरला. ह्यांना काही करायची गरज नव्हती. अशा रीतीने घरातली तीनही नाकं बंद करून आम्ही सुगंधी तेल काढायला बसलो.

झोपताना चिमटा काढावा लागे, नाहीतर घोरण्याचा सूर भलताच लागतो असं हे म्हणाले. म्हणून मी उशीशी कापराच्या वड्या ठेवत असे. तीन आठवडे मला रात्री कापूर आणि दिवसा काहीच नाही, असा वास येत होता.

पहिली पद्धत, वाफेची. पाच लिटरचा कुकर, तळाला पाणी, वर जाळी, जाळीवर फुलं. शिट्टी काढून तिथे औषधाच्या दुकानातून आणलेली सलाईनची नळी लावली. नळी बर्फाच्या बादलीतून फिरवून तांब्यात सोडली. वाफ फुलांतून जाणार, वास घेऊन निघणार, बर्फात गार होणार, तांब्यात पडणार. शाळेत हा प्रयोग मी तीस वर्षं दुरून बघितला होता, दारातून, हातात फडका घेऊन. थेंब पडू लागले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, आणि चिमटा उडून फ्रिजखाली गेला. मी श्वास रोखून, जमिनीवर पालथी पडून, झाडूने चिमटा काढला. तेवढ्या वेळात सासूबाई पदराआडून म्हणाल्या, "मरशात गो!"

तांब्यात गढूळ पाणी जमलं आणि त्यावर तेलाचे पाच-सहा डोळे. ते मी सिरिंजने उचलून बाटलीत भरले. आता ह्याला वास आहे का? कुठला? किती? वहीत रकाने आखले होते : पद्धत, रंग, थेंब, वास. शेवटचा रकाना रिकामा. मला एक युक्ती सुचली आणि मी सासूबाईंकडे गेले.

"आई, ज्याला वासच येत नाही, त्याने वास घेतला, तर तो घेतला म्हणायचा का?"

सासूबाईंनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मला वाटतं, असा प्रश्न गावच्या भटजींनाही कोणी विचारला नसेल. मग म्हणाल्या, "ज्येका वासच येणा नाय, तेना हुंगला काय आणि नाय हुंगला काय. चलात."

झालं! आमचे हे अधिकृत परीक्षक नेमले गेले. मी बाटली त्यांच्या नाकाखाली धरली. त्यांनी डोळे मिटून, छाती भरून वास घेतला.

"काय?"

"काही नाही."

मी वहीत लिहिलं : वास, काही नाही. आज ती वही माझ्याकडे आहे. त्या रकान्यात "काही नाही" अकरा वेळा लिहिलेलं आहे, वेळ आणि सहीसकट. परीक्षक पवित्र होता, निकाल शून्य होता, आणि मला ह्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. वाटलं एवढंच, की परीक्षक थोडा कडक आहे.

दुसरी पद्धत, तिळाची. ही जुन्या बायकांची. पांढऱ्या तिळाचा थर, फुलांचा थर, पुन्हा तिळाचा, असा डबा भरायचा. नवा पुडा आला की फुलं बदलायची. तीळ वास पितात. मग तीळ गाळायचे. मी तो डबा घेऊन बोरिवलीच्या एका लाकडी घाण्याच्या दुकानात गेले. घाणेवाल्याने झाकण उघडायला हात पुढे केला.

"वास घेऊ नका!" मी ओरडले.

तो दचकला. "मावशी, त्यात काय आहे?"

"गौरीचं आहे. श्वास धरून गाळा."

"किती किलो आहे?"

"अर्धा."

"घाण्याला कमीत कमी पाच किलो लागतं. अर्धा किलो घाण्याच्या लाकडालाच चिकटून राहील. आणि मावशी," त्याने माझ्याकडे नीट बघितलं, "तुमच्या नाकाला चिमटा लागलाय."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि रिक्षात बसले. दुकान ते घर, कोणी काही विचारलं नाही. मुंबईची हीच गोष्ट मला आवडते.

घरी तीळ मिक्सरमधून काढले, कापडात बांधले, परातीत ठेवले, वर पोळपाट पालथा घातला आणि त्यावर ह्यांना बसवलं. वजन बहात्तर किलो. हे पेपर वाचत दीड तास बसले. मधूनमधून मी म्हणत असे, "जरा डावीकडे." परातीत दोन-तीन चमचे तेल जमलं. दाबाखाली तेल काढण्याची ही पद्धत जगात कुठे वापरतात का, मला माहीत नाही, पण यंत्र चहा मागतं, ही एक अडचण आहे.

तिसरी पद्धत, चरबीची. बाहेर देशांत काचेवर प्राण्यांची चरबी पसरून तिच्यात फुलं उपडी रोवत, रोज बदलत, आणि चरबी वास शोषून घेई, असं मी कुठेतरी वाचलं होतं. प्राण्याची चरबी घरात कुठून आणू? मी वनस्पती तूप घेतलं. काचा शोकेसच्या. त्यामुळे शोकेसमधल्या बाहुल्या, ताजमहाल आणि ह्यांची कॅरमची ढाल तीन आठवडे उघड्यावर धूळ खात होती. मार्चातली कांदिवली. अकरा वाजेपर्यंत तूप वितळून काचेवरून टेबलावर, टेबलावरून सासूबाईंच्या चपलेत. मग काचा फ्रिजमध्ये ठेवल्या. मग दुधाला, दह्याला, कोथिंबिरीला तो वास लागला असणार, कारण सासूबाईंनी एक दिवस चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माका कोरी चाय दी. ही प्यालंय तर हुंगल्यासारखाच झाला." मला त्यांचा केवढा अभिमान वाटला! काय ही निष्ठा, म्हणाले मी मनात.

काचेवरची फुलं दर खेपेला नवा पुडा आला की बदलायची. जुनी काढून मी ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकत असे आणि बादली लिफ्टपाशी ठेवत असे. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

हे तूप शेवटी खरवडून मी एका छोट्या डब्यात भरलं, आणि डबा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे टोस्ट खातायत, आणि डबा अर्धा रिकामा.

"अहो, हे काय खाल्लंत?"

"लोणी. ह्यात मीठ कमी आहे गं," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं घास अडकला. पाठीवर थापा मारल्या, पाणी दिलं. नंतर ते बराच वेळ खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी मात्र डोक्याला हात लावून बसले होते. उष्टं झालं! तिसरी पद्धत बाद.

चौथी पद्धत, स्पिरिटची. फुलं स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायची, मग गाळून, उघड्यावर स्पिरिट उडवून द्यायचं. बाटली बघून सासूबाई उठून बसल्या.

"ह्या काय? दारू? गौरीक दारू लावतंस?"

"आई, गावच्या वेशीवरच्या राखणदार देवाला तर दारू चालते."

"तो राखणदार. ही माहेरवाशीण. राखणदाराक विडी पण लागता. मगे गौरीच्या तोंडात विडी पण देतलंस?"

"आपल्या गौरीला मटणाचा नैवेद्य चालतो ना पण!"

"मटान जेवणात इला. दारू जेवणात इली?"

चौथी पद्धतही बाद. भरलेली बाटली मी मोरीत ओतली.

राहिल्या दोन बाटल्या, कुकरची आणि तिळाची. निवड कशी करायची? परीक्षक दोन्हीला "काही नाही" म्हणत होता. मुंग्यांना विचारून पाहिलं. दोन बशांत एकेक थेंब ठेवला, मुंग्या तिळाच्या बशीकडे गेल्या. पण मुंग्या तिळाला गेल्या की सुरंगीला, हे मुंग्यांनी सांगितलं नाही.

आणि तेव्हा देव धावून आला, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या रूपाने. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले होते आणि पत्र लिहिल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. त्यांनी दारात उभं राहून माझ्या हातात पत्र दिलं.

"विषय : तिसऱ्या मजल्यावरून येणाऱ्या निरनिराळ्या वासांबाबत. महोदया, गेल्या सोमवारी आपल्या सदनिकेतून फुलांना हिंगाची फोडणी दिल्यासारखा वास आला. गुरुवारी लिफ्टमध्ये व जिन्यात अत्यंत सुंदर, लग्नघरासारखा सुगंध दरवळत होता. काही सभासद लिफ्टमधून विनाकारण वरखाली करत होते, याने वीजबिल वाढते. शनिवारी मात्र दवाखान्यासारखा वास आल्याने दोन ज्येष्ठ सभासद घाबरले. तरी खुलासा व्हावा."

मी तिथल्या तिथे त्यांना वाकून नमस्कार केला. ते दोन पायऱ्या खाली सरकले. घराबाहेर ज्यांनी न मागता वास घेतला, त्यांचा दोष आपल्याला लागत नाही, असं सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे हा शुद्ध पुरावा होता! सोमवार कुकर, शनिवार स्पिरिट. आणि गुरुवार? मी वही उघडली. गुरुवारी हे पोळपाटावर बसले होते. तीळ! लग्नघरासारखा सुगंध, म्हणजे तिळाचं तेल जिंकलं. सेक्रेटरींचं पत्र मी वहीत "वास" ह्या रकान्यावर डिंकाने चिकटवलं. कुकरचं पाणी मोरीत ओतलं. तिळाची बाटली लाखेने बंद केली आणि देव्हाऱ्यामागे ठेवली, सहा महिने.

मधल्या काळात जाऊबाईंचा फोन येई. त्यांचीही तयारी चालू होती. "मी बाई खोबरेल तेलात वळेसर बुडवले आणि उन्हात ठेवले. संपलं काम. तुझं काय चाललंय गं? भावजी सांगत होते, तू त्यांच्यावर बसतेस की ते कशावर बसतात..."

"शास्त्रीय पद्धत आहे ती, ताई."

"असेल बाई. ते उठले का?"

भाद्रपद आला. गौरीपूजनाच्या दिवशी आम्ही तिघं भांडुपला गेलो. सासूबाईंना जिन्यावरून खुर्चीत बसवून वर न्यावं लागलं. गौर नटून बसली होती, हिरवी साडी, नथ, मुखवट्यावर कुंकू. ह्या घरातली तिची ही शेवटची खेप, त्यामुळे जाऊबाई सकाळपासून उगाचच डबे पुसत होत्या. मी सवयीने खवणीकडे गेले, तर सासूबाईंनी हाक मारली, "तू हयसर बस."

सदतीस वर्षांत पहिल्यांदा मी गौरीसमोर बसले. वही बरोबर आणली होती, ती मांडीवर ठेवली.

सासूबाईंनी आधी जाऊबाईंची बाटली घेतली. "हुंगलंस?"

"अहो आई, हुंगते काय, मार्चपासून डोक्याला लावतेय! बघा ना, केस किती मऊ झाले. उरलं ते आणलं."

"बाद," सासूबाई म्हणाल्या.

मग माझी बाटली. लाख फोडली. सासूबाईंनी कापसाचा फाया बुडवला, पुढे सरकून गौरीच्या कानामागे ठेवला, साडीचा पदर नीट केला, ओटीवर हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि मागे सरकल्या. "पावला. आता हुंगा सगळी."

आता मला परवानगी होती. सहा महिन्यांनी, पहिल्यांदा! मी बाटली नाकाला लावली.

तिळाची चिक्की. थोडी जुनी, थोडी खवट, आणि खाली कुठेतरी मिक्सरमध्ये आदल्या दिवशी वाटलेला लसूण. सुरंगी नावालाही नाही.

माझ्या डोळ्यांपुढे खवणी दिसू लागली. नारळांची आणखी सदतीस वर्षं. तेवढ्यात जाऊबाई पुढे वाकल्या, थबकल्या, आणि ओरडल्या, "अगं बाई! काय वास आहे हा! झकास गं!"

मला वाटलं टोमणा. पण मग मलाही आला. बाटलीतून नाही, गौरीकडून. खरी सुरंगी. मधासारखी, जड, सगळी खोली भरत जाणारी. दारातले शेजारी आत आले. कोणी तरी म्हणालं, कसं केलं हो वहिनी? आणि मी, चौसष्ट वर्षांची निर्लज्ज पोर, वही छातीशी धरून म्हणाले, "चार पद्धतींची तुलना केली."

विसर्जन झाल्यावर जाऊबाईंनी मुखवट्याचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. देताना क्षणभर सोडला नाही. मग नाक ओढून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नारळ खवायला मी येईन. खवणीला धार करून ठेव, तुझी ती बोथट असते." मी त्यांना मिठी मारली. त्यांच्या केसांना खोबऱ्याचा आणि सुरंगीचा इतका सुंदर वास येत होता की मी मिठी लवकर सोडली नाही.

परतीच्या रिक्षात मधे सासूबाई, एका बाजूला मी डबा मांडीवर घेऊन, दुसऱ्या बाजूला हे. पवई आली तसं मला राहवेना.

"आई, माझ्या बाटलीला चिक्कीचा वास होता."

"माका ठावक आसा."

"कसं ठाऊक? तुम्ही तर पदर..."

"पदर जाळीचो होतो." सासूबाई समोर बघत होत्या. "बादलीत टाकलेली तुझी ती तुपातली फुला मी उचलून सुकवलंय. सुकली तरी सुरंगी वास सोडना नाय. ओटीच्या खणात बांधून गौरीक दिलंय."

म्हणजे गुरुवारचा लग्नघराचा वास माझ्या तेलाचा नव्हताच. लिफ्टपाशी ठेवलेल्या कचऱ्याच्या बादलीचा होता! मी ह्यांच्याकडे वळले. "ऐकलंत?"

हे बाहेर बघत म्हणाले, "मला वाटलंच होतं बादलीचा असेल."

रिक्षा सिग्नलला थांबली. "वाटलंच होतं म्हणजे? तुम्हाला वास येत नाही ना?"

"त्या टोस्टच्या दिवशी आला," ते म्हणाले. "घास तोंडात घातला आणि एकदम... आईच्या केसातला वळेसर. शाळेत जाताना ती मला जवळ घ्यायची, तसा."

"मग बोलला का नाहीत? सहा महिने?"

"बोललो असतो तर तेल बाटलं असतं. गौर गेली असती. तुझं तोंड बघवलं नसतं मला. म्हणून काही नाही म्हणत राहिलो. तुझ्या त्या कुकरच्या बाटलीला काही नाही म्हणणं फार कठीण होतं गं."

म्हणजे तीन बंद नाकांपैकी दोन उघडी होती. एकटी मी होते निळा चिमटा लावून, बोरिवलीपर्यंत जाऊन आलेली. मी सासूबाईंना म्हणाले, "मग गौर माझ्याकडे यायची, हे खोटंच जिंकले मी."

"जिकलंय नि हरलंय काय! मी जंय, गौर थंय. ह्या वयात मी काय भांडुपचे जिने चढतलंय? ता पयलीच ठरलेला."

"मग ही स्पर्धा कशाला?"

"माका सुरंगीचो वास होयो होतो. वीस वर्सां गावाक जावक गावला नाय. तुका नुसती फुला आण म्हटला असता तर एक वळेसर आणला असतंस, फ्रिजात ठेवला असतंस. आता कशी, तीन आठवडे घर भरून फुला!"

"आणि हुंगायचं नाही, ते का?"

तेव्हा मात्र त्या हसल्या, तीनही दात दाखवून. "तू हुंगला असतंस तर पयल्याच दिवशी सगळा मोरयेत ओतून गप बसली असतंस. मगे फुला येवची बंद."

रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं. तीन म्हातारी माणसं पोट धरून हसत होती, आणि एकीच्या मांडीवर देवीचा डबा थडथडत होता.

त्यानंतर सासूबाईंच्या हातून दोन वर्षं गौर बसली, आमच्या घरी, कांदिवलीला. मग त्या गेल्या. त्यांच्या पेटीत खणाची एक पुरचुंडी मिळाली. उघडली नाही मी. उघडायची गरजच नव्हती.

आता गौर मी बसवते. जाऊबाई येतात, खवणीवर बसतात आणि धारेला नावं ठेवतात. नैवेद्याचं मीठ मी चाखते, दार लोटून घेऊन. फुलं हुंगते, सगळी, एकेक. मुलगा, सून नि नात आता आमच्याकडेच राहतात; सुनेला मात्र नियम कडक. ह्या मार्चात गावाहून पुडा आला तेव्हा मी पलंगावरून बजावलं, "हे बघ, देवाचं आहे. वास घ्यायचा नाही हं."

"हो आई," ती म्हणाली, आणि पुडा घेऊन स्वयंपाकघरात गेली. नात तिच्या मागे. जरा वेळाने आतून केळीचं पान सुटल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग एक लांब, खोल श्वास. त्यामागून नातीचा छोटा.

मी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने घोरायला लागले.